सम पायाने पकडायची : अकॉस्टिक गिटारसाठी लूपर पेडल निवडताना

लूपर पेडल हे पायाने चालवायचे ध्वनिमुद्रण यंत्र आहे. गिटारची वायर त्यात येते आणि त्यातून पुढे स्पीकरकडे जाते. कळ एकदा दाबली की वाजवलेले मुद्रित होऊ लागते. दुसऱ्यांदा दाबली की तेवढाच तुकडा त्याच क्षणी पहिल्यापासून सुरू होतो आणि थांबवेपर्यंत फिरत राहतो. या फिरत्या तुकड्यावर आणखी काही वाजवून थरावर थर चढवता येतात. गिटारच्या लाकडी अंगावर थाप देऊन ठेका, त्यावर कॉर्डची साथ, त्यावर खर्जातली एखादी ओळ असे तीन थर झाले की एकटा माणूस तिघांच्या साथीने गाऊ लागतो.

ही कल्पना मराठी श्रोत्यांना परकी नाही. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरला जातो. तीच ओळ, त्याच लयीत, प्रत्येक आवर्तनाला समेवर येणारी. लूपर हेच काम करतो. फरक एकच, पण मोठा आहे. लेहरा धरणारा तबलजीकडे बघत असतो आणि लय कणभर सरकली तर तिच्याबरोबर सरकतो. पेडल कुणाकडे बघत नाही. पहिल्या आवर्तनात जे घडले तेच ते शेवटपर्यंत म्हणत राहते, चुकीसकट. लूपर निवडताना लक्षात ठेवायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका फरकातून निघतात.

एकट्याने अनेकांचा नाद उभा करण्याची आवड विदर्भाच्या मातीत आधीपासून आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने गावेच्या गावे बसवून ठेवली. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधन करतात आणि त्यांची सप्तखंजेरी यवतमाळ जिल्ह्यातही घरोघरी माहीत आहे. लूपरवर गिटार वाजवणारा तरुण कलाकार याच रांगेतला आहे, त्याचे साधन तेवढे नवे.

साधनाचा इतिहास थोडक्यात असा. 1970च्या दशकात रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेप-रेकॉर्डरमधून एकच फीत फिरवून गिटारचे थर रचले. 1999मध्ये लाईन सिक्स कंपनीच्या डीएल-4 या पेडलमध्ये 14 सेकंदांचा लूप मिळू लागला, तर 2001मध्ये बॉसचे आरसी-20 हे खास लूपसाठी केलेले पेडल आले. 2004मध्ये के. टी. टन्स्टॉल ही स्कॉटिश गायिका बीबीसीच्या एका कार्यक्रमात अकाईचे पेडल पायाखाली घेऊन एकटीच उभी राहिली आणि अकॉस्टिक गिटार, आवाज व लूपर हा त्रिकोण जगभर पोचला. पुढे एड शीरनने तो भल्यामोठ्या मैदानांवर नेला. 16 मार्च 2024 रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि 30 जानेवारी 2025 रोजी पुण्यात त्याचे कार्यक्रम झाले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या लहान शहरांतल्या मुलांनाही हे यंत्र हवेसे वाटू लागले तर नवल नाही. मात्र शीरनच्या पायाखालची यंत्रणा त्याच्यासाठी खास बनवलेली आहे. यवतमाळच्या दुर्गोत्सवात, पुसदच्या एखाद्या स्नेहसंमेलनात किंवा वणीतल्या लग्नाच्या रिसेप्शनमध्ये वाजवणाऱ्याची गरज वेगळी असते.

निवडीची सुरुवात कळीपासून करावी. जाहिरातीत मुद्रणाचा वेळ, आठवणीतल्या जागा आणि तयार ठेके मोठ्या अक्षरांत असतात. कळ कशी दाबली जाते ते तिथे कुणी सांगत नाही आणि मंचावर तर कलाकाराचा सगळा भरवसा तिच्यावर असतो.

साधा कहरवा घेऊ. आठ मात्रा, लय मिनिटाला 120 मात्रांची. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, एक आवर्तन चार सेकंदांचे, दोन आवर्तनांचा लूप आठ सेकंदांचा. ‘धा गे ना ति न क धि ना’ मधल्या पहिल्या ‘धा’वर पाय पडला, मुद्रण सुरू झाले. आता लूप बंद करायचा तो कुठे? शेवटच्या ‘ना’वर नव्हे, त्यानंतर येणाऱ्या ‘धा’वर. नवशिक्या कलाकाराचा पाय घाईने ‘ना’ संपता संपताच पडतो. समजा तो सेकंदाचा दहावा भाग आधी पडला. पहिल्या फेऱ्यात ते कानाला फारसे जाणवत नाही. पण प्रत्येक फेरा तेवढाच तोकडा असतो. शेजारी ढोलकीवाला स्वतःच्या सरळ लयीत वाजवत राहिला तर पाचव्या फेऱ्याअखेर लूप त्याच्यापेक्षा अर्धा सेकंद, म्हणजे पुरी एक मात्रा, पुढे निघून गेलेला असतो. ढोलकीवाला गोंधळतो, गायकाचे शब्द घसरतात आणि श्रोत्यांना नेमके काय बिघडले ते कळत नाही, पण काहीतरी बिघडले हे कळते.

म्हणून कळ दाबताच, किंचितही विलंब न लावता, काम सुरू करणारे पेडल हवे. काही पेडल कळीवर पाय ठेवताच चालतात, काही पाय उचलल्यावर. ज्याला दोन्हींचा अनुभव नाही त्याने दुकानात हे आवर्जून तपासावे, कारण एका पद्धतीची सवय झालेला पाय दुसऱ्या पद्धतीत हमखास चुकतो.

थांबवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. एकच कळ असलेल्या पेडलमध्ये मुद्रण, थर, थांबणे, पुसणे ही सगळी कामे त्या एका कळीला करावी लागतात. बॉसचे आरसी-1 आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचे डिट्टो ही या जातीची सर्वांत परिचित पेडल. त्यांत लूप थांबवायला कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागते. गाण्याचा शेवट तिहाईने समेवर आणायचा असेल तर पहिला दाब समेच्या आधी आणि दुसरा बरोबर समेवर पडायला हवा. हे सरावाने जमते. पण सराव नसेल तर दुसरा दाब समेनंतर पडतो, गायक थांबलेला असतो आणि लूपचा अर्धामुर्धा स्वर उघडा पडतो. ज्याच्या पेडलवर थांबण्याची वेगळी कळ आहे त्याला ही अडचण येत नाही. डिट्टो एक्स-2 आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे 720 या दोन्हींवर दोन-दोन कळी आहेत. आरसी-1 आणि आरसी-5 यांना बाहेरून जादा कळ जोडता येते. मंचावर वाजवणाऱ्याने थांबण्याच्या वेगळ्या कळीवर पैसे खर्च करायला कचरू नये. सुरुवात थोडी डळमळली तरी श्रोते विसरतात, शेवट मात्र त्यांच्या कानात राहतो.

आणखी एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत कधीच सापडणार नाही. दुर्गोत्सवाच्या किंवा गणपतीच्या मंडपात कलाकार चपला खाली काढून मंचावर चढतो. अनवाणी पायाने कळ दाबायची असते. डिट्टोसारख्या पेडलची कळ धातूच्या लहानशा बोंडासारखी असते. बुटाने ती सहज दाबली जाते, उघड्या तळव्याला टोचते, आणि दोनदा पटकन दाबताना पाय अडखळतो. बॉसच्या छोट्या पेडलवर रुंद पट्टी असते, तिच्यावर अख्खा पंजा टेकतो. मंडपातले कार्यक्रम ज्याच्या वाट्याला जास्त येतात त्याने या एका कारणासाठीही पट्टीची कळ निवडावी.

मुद्रणाचा वेळ हा त्या मानाने बिनमहत्त्वाचा मुद्दा आहे. आरसी-1मध्ये 12 मिनिटे मावतात. वरच्या हिशेबाने ती कहरव्याची 180 आवर्तने झाली. डिट्टोची पाच मिनिटेही 75 आवर्तनांना पुरतात. प्रत्यक्षात मंचावर आठ ते तीस सेकंदांचे लूप लागतात. आरसी-5मध्ये 13 तासांपर्यंत मुद्रण होते ते त्यात 99 जागा राखून ठेवता येतात म्हणून. घरून तयार करून आणलेले लूप त्या जागांवर ठेवता येतात. तशी सोय असणे चांगले, पण श्रोत्यांना मौज वाटते ती डोळ्यांदेखत थर उभा राहताना. आधीच मुद्रित केलेली साथ वाजवायची असेल तर मोबाईल पुरतो. शिवाय राखून ठेवलेला लूप ज्या सुरात मुद्रित केला त्याच सुरात वाजणार. काळी एकमधली साथ पांढरी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या उपयोगाची नाही.

थर मोजके हवेत. आठ सेकंदांच्या लूपचे चार थर रचायचे म्हणजे किमान 32 सेकंद गाणे सुरूच झालेले नसते. पहिल्या गाण्याला लोक कौतुकाने बघतात, तिसऱ्या गाण्याला खुर्च्या सरकू लागतात. दोन थर झाले की गायला लागावे, तिसरा थर पहिल्या कडव्यानंतर चढवावा. चौथ्यानंतर अकॉस्टिक गिटारच्या आवाजात गिचमिड होते, कारण सगळे थर एकाच वाद्याचे, एकाच पट्टीतले असतात.

यापुढचा प्रश्न ट्रॅकचा. एका ट्रॅकच्या पेडलवर सगळे थर एकाच फितीवर बसतात. मुखड्याच्या कॉर्ड फिरत असताना अंतऱ्याच्या वेगळ्या कॉर्ड हव्या असतील तर लूप थांबवून हाताने वाजवावे लागते. मराठी भावगीतात अंतरा बहुधा वेगळ्या सुरावटीवर जातो, त्यामुळे ही अडचण पहिल्याच गाण्याला भेटते. दोन ट्रॅकच्या पेडलवर, उदाहरणार्थ बॉसच्या आरसी-500वर, ठेका एका ट्रॅकवर फिरता ठेवून कॉर्डचा ट्रॅक बंद करता येतो. अंतऱ्याला ठेका राहतो, कॉर्ड हाताने वाजतात आणि मुखड्याला ट्रॅक पुन्हा उघडतो. गाणी गाणाऱ्याला दोन ट्रॅक खरोखर उपयोगी पडतात. आरसी-600मध्ये सहा ट्रॅक आणि नऊ कळी आहेत. लूप हीच ज्याची कला आहे त्याला ते शोभते. इतरांना गाताना त्याकडे खाली बघत बसावे लागते. 2013मध्ये आलेले आरसी-505 हे यंत्र मात्र टेबलावर ठेवून हातांनी चालवायचे आहे. तोंडाने ठेका धरणाऱ्यांना ते आवडते, गिटारवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात.

अंगभूत ठेक्यांबाबत सावध राहावे. आरसी-5मध्ये 57 तयार ठेके आहेत आणि लूपची लांबी ठेक्याशी जुळवून घेण्याची सोयही अशा पेडलमध्ये असते, ज्यामुळे पाय थोडा चुकला तरी निभावते. पण हे ठेके पाश्चात्त्य ड्रमचे असतात. कहरव्याला चारचा आणि दादऱ्याला तीनचा किंवा सहाचा ठेका चालून जातो, तरी भजनी ठेक्याची लचक त्यात येत नाही. रूपकाच्या सात मात्रांसाठी योग्य ठेका आहे का ते घेण्यापूर्वी तपासावे. ठेक्याविना चालणाऱ्या साध्या लूपरला ताल कळत नाही, म्हणून त्याला कोणताच ताल वर्ज्य नाही. सात मात्रांवर पाय पडला तर तो सातच मात्रा फिरवतो. गिटारच्या अंगावर तळव्याची मऊ थाप आणि कडेवर बोटांची टिचकी यांतून खंजिरीच्या जवळ जाणारा ठेका काढता येतो. तो तयार ठेक्यापेक्षा जिवंत वाटतो आणि गिटारच्या आवाजाशी जुळतो.

अकॉस्टिक गिटारचा आवाज यंत्रापर्यंत पोचतो कसा, हे लूपरपेक्षाही आधी ठरवावे लागते. बहुतेक इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटारमध्ये घोडीखाली पिझो पिकअप असतो आणि बाजूला बॅटरीवर चालणारा प्रीअँप. असा प्रीअँप असेल तर वायर थेट लूपरमध्ये घालता येते. नुसता पिझो लावलेला असेल, प्रीअँप नसेल, तर लूपरच्या आधी वेगळा प्रीअँप ठेवावा. नाहीतर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि तोच पातळ आवाज थराथराने वाढत जातो. थापेच्या वेळी पिझोवर अचानक मोठा झटका बसतो. गिटारचा आवाज ठेवताना कॉर्डकडे न बघता सर्वांत जोरदार थापेकडे बघून ठेवावा, म्हणजे लूपमध्ये फाटका आवाज मुद्रित होणार नाही.

शिटी मारणे, म्हणजे फीडबॅक, हा अकॉस्टिक गिटारचा जुना रोग. मोठ्या अंगाच्या गिटारची पोकळी 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि मंडपातले मोठे बास स्पीकर नेमके तिथेच जोर करतात. लूपरमुळे हा रोग वाढतो, कारण थर चढवताना फीडबॅकची गुणगुण मुद्रित झाली तर ती दर फेऱ्याला परत येते. गिटारच्या गोल भोकावर रबरी झाकण बसवणे हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. गिटारचा आवाज माइकने घेऊन लूप करण्याचा मोह टाळावा. माइकमध्ये स्पीकरचा आवाजही शिरतो, म्हणजे आधीचा थर नव्या थरात पुन्हा मुद्रित होतो. गायनाचा लूप करायचा असेल तर माइकची वायर थेट घेणारे पेडल लागते. आरसी-500 आणि आरसी-600 यांत ती सोय आहे. साध्या गिटार-लूपरमध्ये माइक जोडायचा खटाटोप करू नये.

पेडलांची रांग अशी असावी: गिटार, मग ट्यूनर, मग आवाज बदलणारी इतर पेडल, आणि शेवटी लूपर. ट्यूनर आधी ठेवल्याने लूप फिरत असताना गिटार मूक करून तारा लावता येतात. यवतमाळच्या उन्हाळ्यात हे वरचेवर लागते. पारा 45 अंशांच्या घरात जातो, संध्याकाळी मंचावरचे दिवे आणखी तापवतात आणि गरम झालेली तार खाली उतरते. लूपमधला स्वर मात्र मुद्रित झाला तिथेच राहतो. दहा मिनिटांनी हातातली गिटार आणि पेडलमधली गिटार एकमेकींशी बेसूर होतात, तेव्हा लूप पुसून नव्याने रचण्याखेरीज इलाज नाही. म्हणून एका गाण्याचा लूप पुढच्या गाण्यात ओढू नये.

आता वीज. बॉसची व बहुतेक इतर कंपन्यांची ही पेडल 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. मंडपात कुणीतरी दिलेला, मध्यभागी धन टोक असलेला अडॅप्टर लावला तर पेडल चालत नाही किंवा कायमचे बिघडते. लूपरला इतर पेडलांपेक्षा जास्त वीज लागते. म्हणून एकाच अडॅप्टरवर पाच पेडलांची माळ लावली की घरघर सुरू होते. लूपरला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, आणि पिशवीत दुसरा जादा ठेवावा. लाइटिंग, साऊंड आणि फुग्यांचा पंप एकाच जनरेटरवर असतील तर विजेचा क्षणभर झोल पुरतो. पेडल बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि चालू लूप जातो. आरसी-1 नऊ व्होल्टच्या बॅटरीवरही चालते, ती थोडाच वेळ पुरते, तरी एका गाण्याची लाज राखते. अशा वेळी लूपशिवाय गाणे पुढे नेता यावे, एवढी तयारी प्रत्येक गाण्याची असावी.

साऊंडवाल्याशी कार्यक्रमाआधी दोन मिनिटे बोलणे कुठल्याही महागड्या पेडलइतकेच मोलाचे आहे. लूपरमधून मिक्सरपर्यंतची वायर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज लांब वायरीतून स्वच्छ नेणारी डबी, हवा. लूप स्वतःला आणि साथीदाराला ऐकू यावा म्हणून मंचाकडे तोंड केलेला एक मॉनिटर मागून घ्यावा. ढोलकीवाल्याला लूप ऐकू आला नाही तर तो गायकाच्या मागे जाणार आणि गायक लूपच्या. लूपचा आवाज प्रत्यक्ष गिटारपेक्षा थोडा खाली ठेवावा. एक गोष्ट साऊंडवाल्याला स्पष्ट सांगायला हवी: लूप सुरू झाल्यावर गिटारचा चॅनेल बंद करू नये, कारण लूपही त्याच चॅनेलमधून येतो.

एवढे पाहिल्यावर निवड फार लांबत नाही. जो आधीच चांगले गातो आणि गिटारवर दोन-चार तालांत सफाईने वाजवतो, त्याच्यासाठी पहिले पेडल एका ट्रॅकचे आणि थांबण्याची वेगळी कळ असलेले असावे. आरसी-1ला जोडलेली जादा कळ, डिट्टो एक्स-2 किंवा 720, यांपैकी काहीही चालेल. अनवाणी वाजवणाऱ्याने आरसी-1कडे झुकावे. एकट्याने सराव करणाऱ्याला आणि ठेक्याचा आधार हवा असलेल्याला आरसी-5 योग्य. वर्षभर कार्यक्रम करून एका ट्रॅकची कोंडी जाणवू लागली की दोन ट्रॅककडे जावे, त्याआधी नाही. जास्त कळींचे पेडल आधी घेतले तर पाय शिकत नाही, नुसते डोळे खाली राहतात. स्वस्त चिनी लूपर सरावाला ठीक आहेत, पण पेडल हातात आल्यावर कळ दोनशे वेळा दाबून बघावी. एकदाही चुकली तर ते मंचावर नेऊ नये.

यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. पेडल ऑनलाइन मागवणे सोपे आहे आणि बहुतेक जण तेच करतात. तरी एवढा खर्च करायचा असेल तर एक फेरी मारून मोठ्या दुकानात बसणे योग्य. सोबत स्वतःची गिटार न्यावी. बूट काढून ठेवावेत. कहरव्याची दोन आवर्तने मुद्रित करून लूप दहा फेरे चालू द्यावा, वर मनातल्या मनात गाणे म्हणावे, आणि दहावा फेरा संपताच येणाऱ्या समेवर थांबवावा. ‘धा’ दहाही वेळा जागेवर पडला आणि शेवट समेवर बंद झाला, तर तेच पेडल घ्यावे.